डावी सीट

विषय : एका जुन्या मोटारीच्या चेसिस नंबराची फेरनोंद होणेबाबत.
संदर्भ : श्री. संघदीप उकंडा मुनेश्वर, रा. पांढरकवडा, यांचा अर्ज. सोबत जोडपत्रे अकरा.

उपरोक्त विषयी खुलासा करण्यात येतो की, संदर्भातील मोटार म्हणजे मी. अर्जदाराने आपले म्हणणे दिले आहे, पथकाने पंचनामा दिला आहे. माझे म्हणणे कोणी मागितले नाही. तशी तरतूदही नाही. म्हणून तरतुदीबाहेर बोलते.

माझा जन्म विलायतेतला, सन एकोणीसशे बावन्न. दोन माणसांची, उघड्या डोक्याची, तारेच्या चाकांची, पळण्यासाठी घडवलेली अशी मी. माझ्यासारख्या या देशात फार थोड्या उतरल्या. त्यातली एक पांढरकवड्याला का आली, याचे कारण इतकेच की ती बापूजींना हवी होती. बापूजी म्हणजे इथल्या जिनिंगचे मालक. त्यांना कापसातले सगळे कळे आणि मोटारीतले काही नाही. ताशी सत्तर मैलांसाठी जन्मलेल्या मला त्यांनी वर्षानुवर्षे कापसाच्या बैलगाड्यांमागून हाकले. पुढच्या गाडीमागे बांधलेला एखादा गोऱ्हा मान वळवून माझ्याकडे बघे. त्याची नजर मला आवडत नसे.

माझी निगा उकंडाकडे होती. तो कामाला लागला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. रोज सकाळी मला धुवायचे, पुढचे हँडल मारून चालू करायचे आणि नंबराची पितळी पट्टी चिंचेने घासून लखलखीत ठेवायची, हे त्याचे काम. मी वाटेत हमखास बंद पडे, त्यामुळे बापूजी कुठेही निघाले की ढकलायला तोही लागे. डावी सीट रिकामी असे. म्हणजे तिथे बापूजींची छत्री बसे, कापसाच्या नमुन्यांची पिशवी बसे, एका उन्हाळ्यात तर त्यांचा झुपकेदार शेपटीचा कुत्रा बसला. उकंडा मागे, माझ्या पाठीला टांगलेल्या स्टेपनीवर. यवतमाळ, वणी, मुकुटबन, बाभुळगाव, सगळीकडे तो असाच गेला आणि असाच आला.

छप्पन साली तो नागपूरला जाऊन बुद्धाला शरण गेला. परत आल्यावर बापूजी त्याला म्हणाले, "चांगलं केलंस." त्या दिवशी आम्ही वणीला गेलो. छत्री डाव्या सीटवर होती.

अशी बावीस वर्षे गेली. मग बापूजी गेले, जिनिंग बंद पडले आणि मी सरकीच्या पोत्यांखाली गेले. माझी पितळी पट्टी कोणी काढून नेली ते मला कळले नाही. पुढे वारसांनी शेडमधले लोखंड भंगारवाल्याला एकरकमी विकले. त्या पावतीवर माझे नाव 'भंगार, किरकोळ' असे आहे. जोडपत्र क्रमांक चार.

भंगारवाल्याकडून मला संघदीपने घेतले. हा उकंडाचा मुलगा, एसटीच्या आगारात मेकॅनिक होता, नुकताच निवृत्त झाला होता. त्याला जुन्या मोटारींचा शौक नव्हता. त्याला एकच करायचे होते. बापाला डाव्या सीटवर बसवून, जिथे जिथे तो स्टेपनीवर गेला होता तिथे तिथे न्यायचे होते.

त्याला नऊ वर्षे लागली. इंजिनाचे भाग त्याने खरादीवाल्यासमोर बसून लेथवर करून घेतले. अंगाखालची विलायती लाकडे कुजली होती, तिथे आपल्याकडचे सागवान बसवले. रंग तोच, गर्द हिरवा. त्याची बायको मैनाबाई हे सगळे अंगणातून बघत असे.

"घराले दहा वर्षांत चुना नाही लागला," ती म्हणायची, "अन् हिले तीन हात रंग. मी हिरवी असती तं बरं झालं असतं."

"तुले काय कमी केलं मी?"

"काई नाई. मले बी एकदा घासून पाहा म्हनलं."

संघदीपच्या हातून एकच चूक झाली, आणि ती चांगल्या कामगाराचीच चूक होती. आगारात त्याने आयुष्यभर एक नियम पाळला होता. गंज दिसला की झाकायचा नाही, कापून टाकायचा. माझ्या सांगाड्याच्या पुढच्या डाव्या लोखंडी पट्टीला गंज होता. त्याने ती कापली आणि नवी जोडली. पितळी पट्टीवर होता तोच चेसिस नंबर या लोखंडावर ठोकलेला होता. कापलेला तुकडा भंगारात गेला. मी पुन्हा नवी झाले आणि त्याच दिवशी मी कोण हे सिद्ध करणे अशक्य झाले.

पहिली सफर मुकुटबनची ठरली. उकंडा सत्त्याऐंशीचा होता. पांढरा सदरा घालून आला, दार उघडले आणि आधी सीट हाताने पुसली.

"बाबा, काहून पुसता? मी सकाळीच पुसली."

"तुले पुसता येते का नाई, ते पाहून राह्यलो."

मग तो बसला. गुडघे जोडून, पाठ न टेकता, एक हात दारावर. डाव्या सीटवर इतक्या अदबीने कोणी बसलेले मला आठवत नाही. कुत्रा पसरून बसे.

वाटेत चहाला थांबलो. टपरीवाल्याने मला दोनदा प्रदक्षिणा घातली.

"काय आजा, लगन हाय का?"

"हाय ना," उकंडा म्हणाला. "माह्यंच हाय."

"अन् नवरी?"

"पाहाले चाललो. पोट्टा संगं आनला, पसंती त्याची."

पुढच्या रस्त्यावर त्याने पाठ टेकली. दोन्ही बाजूंना तूर फुलली होती. संघदीपने मला थोडे पळवले आणि म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. एकाहत्तर वर्षांत मी ज्यासाठी बनले होते ते मी साधारण वीस मिनिटे केले.

मुकुटबनच्या अलीकडे आरटीओचे तपासणी पथक होते. कागदपत्रे मागितली. संघदीपने भंगाराची पावती दाखवली. साहेब सज्जन होते. त्यांनी वाकून सगळीकडे बॅटरी मारून पाहिले.

"काम फार सुंदर केलंय तुम्ही," ते म्हणाले. "तीच तर अडचण आहे. जुन्या गाडीत काहीतरी जुनं सापडायला पाहिजे. नंबर कुठे आहे?"

नंबर नव्हता. उकंडाला उतरायला सांगितले. तो उतरला, आणि माझ्या धुळकटलेल्या बॉनेटवर बोटाने सात आकडे काढले. सगळे बरोबर होते. मी साक्ष दिली असती.

"आजोबा, लिहिता येतं तुम्हाला?"

"नाई."

"मग हा नंबर कसा लिहिला?"

"लिहिला नाई, साहेब. घासला. बावीस वर्षं."

पंचनाम्यात 'वाहनधारकाच्या वडिलांचे तोंडी म्हणणे, पुराव्याअभावी अमान्य' असे नमूद आहे. मला सुपुर्दनाम्यावर घरी सोडले. अट एकच, रस्त्यावर आणायचे नाही.

नंबराची फेरनोंद हवी असेल तर मूळ मालकाच्या वारसांचे पत्र आणि जुने नोंदणी पुस्तक आणा, असे कार्यालयाने कळवले. बापूजींचा नातू इंद्रजित नागपूरला असतो. तो आला. पुस्तक त्याच्या आजीच्या ट्रंकेत सापडले होते. पत्रही टाइप करून आणले होते, सही तेवढी राहिली होती. त्याच्या मोबाइलमध्ये एक जुना फोटो होता. स्टिअरिंगशी बापूजी, स्टेपनीवर उकंडा, हातात फडके.

"जानेवारीत नागपूरला जुन्या गाड्यांची रॅली आहे," तो उकंडाला म्हणाला. "तिथे हाच फोटो पुन्हा घ्यायचा, काका. मी चालवणार. तुम्ही फक्त मागे बसायचं. पाच मिनिटं. मग गाडी तुमची, फिरा कुठंही. पत्र लगेच देतो."

 संघदीपची नऊ वर्षे एका सहीवर आली होती, आणि बापाला 'मागे बसा' म्हणणे त्याला जमेना.

"अन् डाव्या बाजूले कोन बसन?" उकंडाने विचारले.

"माझी मिसेस."

"बसू दे. चांगली जागा हाय." म्हातारा म्हणाला. "मागं चढाले माह्या गुडघ्यात दम नाई, बाबू. अन् असता तरी चढलो नसतो."

इंद्रजितने चहा पूर्ण घेतला आणि पत्र, पुस्तक घेऊन निघून गेला. जाताना माझा फोटो काढला.

"बाबा, पाच मिनिटंच होते," संघदीप म्हणाला.

"मले मालूम हाय. बावीस वर्षं बी पाच-पाच मिनिटंच होते."

आता मी त्यांच्या अंगणात, ताडपत्रीखाली आहे. संघदीप दर आठवड्याला इंजिन चालू करतो, कोंबड्या पळतात, मग बंद करतो. "बाबा, नुसतं बसता का थोडं?" असे त्याने एकदा विचारले. "चालत नाई त्यात बसून काय करू?" उकंडा म्हणाला, आणि खाटेवर पडून राहिला. हल्ली त्याला अंगणातून फाटकापर्यंत जायलाही आधार लागतो.

अर्जावर आजवर तीन सुनावण्या नेमल्या गेल्या. पहिलीला अधिकारी रजेवर होते, दुसरी निवडणुकीच्या कामामुळे पुढे गेली, तिसऱ्या वेळी वारसांच्या पत्राअभावी प्रकरण राखून ठेवले. अर्जात वडिलांचे वय सत्त्याऐंशी लिहिले आहे, ते आता अठ्ठ्याऐंशी आहे. ती दुरुस्ती करून घ्यावी असे संघदीपने सुचवले. त्यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो. तो दिला आहे.

दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.