जन्नतच्या नावाचं पत्र

“तुझ्या पत्रात गोडवा नाय राहिला,” आत्माराम शेट म्हणाले. “नायतर अर्धा एप्रिल गेला आणि चारच ऑर्डरी? तिकडे आढीत आंबा पिकून पडलाय.”

जन्नतसमोर कॉम्प्युटरवर तिचं पाच दिवसांपूर्वीचं पत्र उघडं होतं. शेटच्या हातखंब्याच्या या आंब्यांच्या दुकानातून ती चार वर्षं गिऱ्हाइकांना ई-मेल लिहीत होती. मराठीतच, फक्त अक्षरं इंग्रजी. हायवेवर गाडी थांबवून पेटी नेणाऱ्याला ती विचारायची, “पुढच्या वर्षी आंबा निघाला की कळवू का?” हो म्हटलं तरच पत्ता वहीत, आणि वहीतून कॉम्प्युटरवरच्या यादीत. असे चारशे बारा पत्ते जमले होते. मोहोर करपला तर ती तसंच लिहायची, घाई करू नका, मेपर्यंत थांबा. आणि ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला त्या वर्षी आंब्याचं पत्र नाही. वहीत त्या नावापुढे छोटीशी फुली. यंदा अशी सात घरं होती.

एरवी पत्र गेलं की दोन दिवसांत साठ-सत्तर उत्तरं यायची. कुणाच्या नातीला दात आला, तेही त्यात असायचं.

शेवटी तिनं रत्नागिरीत मेलचं काम बघणाऱ्या साकिबला फोन लावला.

“आपा, तुमची पत्रं जातायत,” तो म्हणाला. “पण लोकांच्या स्पॅममध्ये पडतायत. लॉटरी लागली म्हणून थापा मारणारे मेल असतात ना, त्यांच्यात.”

“माजी पत्रां? ती का?”

“दुकानाच्या पत्त्याची पत गेली. गेल्या महिन्यात तिथून चाळीस हजार मेल गेलेत. निम्मे पत्ते बंद पडलेले. उरलेल्यांतल्या कित्येकांनी स्पॅमचं बटण दाबलं. तेवढं झालं की मशीन तो पत्ताच लबाड धरतं. मग खरं पत्रही कचऱ्यात.”

“चाळीस हजार? मी चारशे पाच जणांना लिवलांय रे.”

तिनं फोन ठेवला आणि वळून बघितलं. शेट रस्त्याकडे बघत होते.

“मुंबैत पत्त्यांची सीडी मिळाली एक,” ते म्हणाले. “म्हटलां, एवढ्यांत शंभर तरी घेतील. तुझी यादीबी जोडली. एका झटक्यात गेलां सगळां.”

“पत्र कुणाचां घातलांत?”

“तुझांच. गेल्या वर्षीचां.”

“आणि खाली नाव?”

“तुझांच. लोक तुला वळखतात. माज्या नावाला कोण इचारतो?”

फुल्या वहीत होत्या. शेटनी जोडलेल्या यादीत नव्हत्या.

गेल्या वर्षीच्या पत्राची शेवटची ओळ जन्नतला पाठ होती. पहिला आंबा घरच्या बाईच्या हातावर ठेवा, वर्षभर ती सगळ्यांना वाढून उरलेलं खाते. तिनं वही उघडली. पहिली फुली बाबाजींची. मूळचे मालगुंडचे, कल्याणला राहणारे निवृत्त कारकून. त्यांची बायको कमलाबाई जानेवारीत गेली. जन्नतनं त्यांचा नंबर फिरवला.

“काका, मार्चात माज्या नावाचां पत्र आलां का तुम्हाला?”

“आलां. वाचलां,” बाबाजी म्हणाले. “मग स्पॅमचां बटण मीच दाबलां. जानेवारीत फोनवर रडलीस तू माज्याबरोबर. आणि दोन महिन्यांत लिवतेस, बाईच्या हातावर ठेवा? म्हटलां, जन्नतचाबी आता धंदा झाला.”

“ते मी नव्हतां पाठवलां, काका.”

“नाव तुझां होतां,” ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

शेटनी घसा खाकरला. “साकिबला सांग, नवा पत्ता काढून दे. उद्या परत पाठवू सगळ्यांना.”

“कुणाच्या नावानं?” जन्नत उभी राहिली होती. “चार वर्षां एकेकाला इचारून मी पत्ता घेतला. तुम्ही मला न इचारता माजां नाव चाळीस हजार दारांत फेकलांत. माणूस खोटा ठरल्यावर नवा पत्ता घेऊन काय करायचां?”

“उगाच चिडतेस. आंबा कुजला तर?”

“कुजूदे.”

तिनं वही त्यांच्यापुढे सरकवली.

“ह्या सात घरांशी आज तुम्ही बोलायचां. तुमच्या तोंडानं, तुमचां नाव सांगून. मग बघू आंब्याचां.”

“मला नाय जमत असलां. काय बोलू मी?”

तिनं बाबाजींचा नंबर पुन्हा फिरवला.

शेट उठले, दाराबाहेर जाऊन तोंडातला तंबाखू थुंकले, पिंपातल्या पाण्यानं चूळ भरली आणि टेबलाशी येऊन उभे राहिले.

पलीकडे फोन उचलला गेला.

“काका, जन्नत बोलतेय,” ती म्हणाली. “ठेवू नका. ज्यांनी पाठवलां ते हायत इथं.”

आणि तिनं रिसिव्हर शेटच्या ओल्या हातात दिला.