शांत माणूस

श्रीरामनं कपाटातून काळा लोकरी कोट काढला, खांद्यावरची धूळ हातानं झटकली आणि तो ऋतुराजच्या पाठीला लावून पाहिला.

"बाह्या जरा लांब होतील. पण बसेल तुला."

"सर, रहने दीजिए ना." ऋतुराज मागं सरला. बनारसमध्येच वाढलेला, त्याच्याच हाताखाली शिकलेला हा पोरगा या घरात आवर्जून मराठी बोलायचा, पण अवघडला की हिंदीवर जायचा. "थंडी तर आता येईल. तुम्हालाच लागेल की."

"मला या थंडीत कोट लागणार नाही," श्रीराम म्हणाला. चहात साखर नको, असं सांगावं तितक्या सहज.

मालविका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला तो जरा जोरातच. एका कपातला चहा बशीत सांडला. ऋतुराजनं मान खाली घातली. श्रीरामनं मात्र सांडलेला कप शांतपणे स्वतःकडे ओढून घेतला आणि बशीतला चहा परत कपात ओतला.

श्रावणात त्याच्या पोटात दुखायला लागलं होतं, डोळे पिवळे झाले होते. स्वादुपिंडात गाठ आहे आणि जागा वाईट आहे, असं डॉक्टर म्हणाले. सुई घालून काढलेला तुकडा तपासणीला पुरेना. पुन्हा काढू म्हणाले, तेव्हा श्रीरामनं हात जोडले. "तुमच्या चेहऱ्यावर लिहिलंय काय ते. आता टोचाटोची पुरे."

तो विद्यापीठात धातुशास्त्र शिकवायचा. इतकी वर्षं काशीत काढून देवळात गेला तो फक्त पाहुण्यांना दाखवायला. नवं संशोधन केंद्र उभं राहावं म्हणून त्यानं दिल्लीच्या किती चकरा मारल्या, किती वैरं ओढवून घेतली, त्याला हिशेब नव्हता. केंद्र मंजूर झालं आणि त्याच पावसाळ्यात हे. हा माणूस आता कोसळणार, असं सगळ्यांना वाटलं. तो कोसळला नाही. केंद्र त्यानं ऋतुराजच्या हाती दिलं. सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं, त्याला आपणहून फोन केला. आणि रोज सकाळी भोसले घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन नदीकडे बघत बसू लागला. घरी यायचा तेव्हा चेहरा असा दिसायचा, की दूधवालासुद्धा नमस्कार करायचा.

गल्लीतले लोक संध्याकाळी त्याच्याजवळ येऊन बसू लागले. जे आम्हाला इथं जन्म काढून जमलं नाही, ते सरांना चार महिन्यांत साधलं, असं म्हणू लागले. मालविकाला म्हणायचे, तुम्ही भाग्यवान.

भाग्यवान मालविका ऐकून घ्यायची. इन्व्हर्टर बंद पडला तर कुठलं बटण दाबायचं, गीझरचा फ्यूज कुठं मिळतो, मी गेल्यावर घर विकून पुण्याला लेकीकडे, मधुवंतीकडे कसं जायचं, हे तो तिला एकेक करून समजावत होता. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन गावाला निघालेल्या माणसासारखा. रात्री त्याला गाढ झोप लागायची. ती त्याच्या श्वासाकडे कान लावून पडायची.

एकदा तिला राहवलं नाही.

"तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? एकदा तरी म्हणा, की तुला सोडून जावंसं वाटत नाही."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद देताना ठेवावा तसा.

"मालविका, यातून तूही बाहेर ये."

तिनं मान काढून घेतली आणि भाजी चिरायला गेली.

समोरच्या घरात तळमजल्यावर इंदूमावशी होत्या. वाईच्या. नवरा गेल्यावर भर वयात काशीला आल्या, त्या काशीची सीमा पुन्हा ओलांडायची नाही, असा नेम करूनच. मरायचं ते इथंच, विश्वनाथाच्या पायाशी. तीर्थाला आलेल्या मराठी बायकांना त्या हेच सांगायच्या, "अगं, इथं मरण म्हणजे माहेरी जाणं." रेल्वेतला त्यांचा भाचा दत्तात्रेय आणि त्याची बायको प्रमोदिनी त्यांचं बघायची. गेल्या दसऱ्यापासून मावशींचं हृदय थकलं होतं. पाय सुजलेले, धाप लागलेली. आणि ज्या मरणाची त्यांनी एवढी वाट पाहिली, ते दारात आलेलं दिसताच मावशी ओरडू लागल्या होत्या.

"मला दवाखान्यात न्या! प्रमोदिनी, अगं मुझे ले चलो कोई!" त्यांचा आवाज गल्लीत ऐकू यायचा. तुळशीचं पान तोंडाजवळ नेलं तर थुंकायच्या. गंगाजलाच्या गडूला हात लावू द्यायच्या नाहीत.

लोकांना हे बघवेना. कुणीतरी सुचवलं, सरांना बोलवा. सर समजावतील.

श्रीराम गेला. मालविका बरोबर होती. तो खाटेशेजारी बसून हळू आवाजात बोलला. पान पिकलं की गळतं, त्यात झाडाला दुःख नसतं, असं काहीतरी. मावशींनी ऐकलं. मग खोल गेलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत म्हणाल्या,

"श्रीराम, तू जा बाबा."

"मावशी..."

"जा. तुझ्या तोंडाकडं पाहिलं की जास्त भ्या वाटतं मला. तू इथला राह्यलाच नाहीस."

बाहेर आल्यावर तो हसला. "मोह सुटत नाही. साहजिक आहे." मावशी जे बोलल्या, ते मालविकाच्या जिभेवर किती दिवस होतं.

मधुवंती मात्र बापासारखी शांत नव्हती. निरोप घ्यायला म्हणून तो मालविकाला घेऊन पुण्याला गेला, तेव्हा तिनं त्याच्यापुढे जमिनीवर बसून आकांत केला. एकदा, फक्त एकदा, मुंबईच्या डॉक्टरांना दाखवू. "तुझ्या समाधानासाठी," असं म्हणत तो गेला. तिथं पुन्हा सुई घातली, पुन्हा रक्त घेतलं. दोघं काशीला परतली आणि मार्गशीर्षातल्या एका दुपारी फोन आला.

कर्करोग नव्हता. शरीरच आपल्या स्वादुपिंडावर उलटलं होतं. दिसायला हुबेहूब तसंच दिसतं, म्हणून भलेभले फसतात, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी गाठ विरघळेल. गोळ्या नेमानं घ्या, साखरेवर लक्ष ठेवा, आणि भरपूर जगा.

फोन स्पीकरवर होता. पुण्याहून त्यावर जोडलेली मधुवंती रडत होती, हसत होती. मालविका खुर्चीचा हात धरून उभी होती. आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं; पण तो कुठून सुरू करायचा हे सुचत नव्हतं. गेलेलं माणूस परत येणार आणि ती त्याच्यासाठी ताट मांडायला विसरली, असं काहीतरी झालं होतं. तिनं श्रीरामकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"म्हणजे आता," तो म्हणाला, "पुढं काय?"

गोळ्या लागू पडल्या. डोळ्यांतला पिवळेपणा गेला, भूक लागू लागली. आणि भुकेबरोबर भीती आली.

आधी ती लहानसहान होती. गोळी घेतली की नाही, हे तो पुन्हा पुन्हा विचारायचा. मग साखर तपासायचं यंत्र उशाशी आलं. मग स्कूटर बंद झाली, कारण गोदौलिया चौकाच्या गर्दीत काय होईल सांगता येत नाही. घाटावर जाणं थांबलं. पायऱ्यांवर शेवाळ असतं, तो म्हणाला. पण मालविकाला माहीत होतं, की तिथून मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर दिसतो. रात्री तो दचकून उठून बसायचा आणि दोन बोटांनी स्वतःची नाडी धरायचा. संध्याकाळी येणारे लोक हळूहळू यायचे थांबले. वाचलेल्या माणसाकडे ऐकण्यासारखं काही नव्हतं.

ऋतुराज कोट परत घेऊन आला. धुवून, इस्त्री करून, पिशवीत घालून. श्रीरामनं तो घेतला आणि लगेच केंद्राबद्दल विचारलं. यंत्रं आली का, माणसं कोणती घेतली, आपण सोमवारपासून येऊ शकू का.

"सर, अब तो सब..." ऋतुराज थांबला. "तुम्ही सल्लागार म्हणून या ना. केव्हाही."

"केंद्र माझं आहे, ऋतुराज."

"तुम्हीच सही करून दिलं होतं, सर."

तो गेल्यावर श्रीरामनं टेबलावरचा पाण्याचा ग्लास हातानं उडवून लावला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं घरातली वस्तू पहिल्यांदा फोडली. मालविका काचा गोळा करायला खाली बसली. रागावलेल्या नवऱ्याकडे वर बघताना तिला कित्येक महिन्यांनी ओळखीचं कुणीतरी दिसलं. पण हे त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

समोर इंदूमावशींचं आता संपत आलं होतं. मालविका दुपारी त्यांच्याजवळ जाऊन बसायची, म्हणजे प्रमोदिनीला चार घास सुखानं खाता यायचे. तिनं एकदा श्रीरामला विचारलं, येता का. तो अंगावर काटा आल्यासारखा मागं सरला.

"मला तिथं नेऊ नकोस."

त्याच आठवड्यात एका दुपारी ती मावशींच्या पायांना तेल लावत होती. थंडी होती, खोलीत शेगडी ठेवलेली. मावशी मोठ्यानं श्वास ओढत होत्या आणि मधून मधून तिचा हात घट्ट पकडत होत्या. दाराशी सावली पडली. श्रीराम उभा होता. पायांत दोन वेगळ्या चपला.

"तू कधी येणार घरी?" त्यानं मालविकाला विचारलं. आवाज लहान मुलासारखा.

मावशींनी डोळे उघडले. "कोण? तूच का पुन्हा?"

"मी बोलायला नाही आलो, मावशी. घरात एकट्याला बसवेना."

"का रे?"

श्रीराम चौकट धरून उभा राहिला. मालविकाला वाटलं, तो आता काहीतरी कारण सांगेल. थंडीचं, विजेचं.

"भीती वाटते," तो म्हणाला.

"कशाची?"

"मरायची."

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. धाप लागलेली होती, तरी त्यांनी कोपरावर जोर देऊन अंग सरकवलं आणि खाटेच्या कडेवर हात आपटला.

"ये. बैस इथं."

तो बसला. मालविका उठून शेगडीपाशी गेली. निखारे हलवायचं निमित्त करून ती तिथंच पाठमोरी राहिली.

"तुला कुठं होतं?" मावशींनी विचारलं. "मला इथं होतं. गळ्याशी. कुणी मुठीत धरल्यासारखं."

"मला पोटात. खड्डा पडतो."

"रात्री जास्त?"

"रात्रीच."

"मी नामस्मरण करते. पण मध्येच विसरते कुणाचं नाव घेत होते ते." मावशींचा आवाज चिरकला. "सगळ्यांना सांगत आले, की माहेरी जाणंय. खोटं बोलले का रे मी?"

"मला माहीत नाही, मावशी."

"खरंच माहीत नाही?"

"खरंच नाही."

मावशींनी सुस्कारा सोडला. त्यांनी त्याचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला, दोन्ही हातांनी झाकला. मग त्या म्हणाल्या, "मऊ भात खाईन जरासा. तूप घालून." चार दिवसांत त्यांनी अन्नाचं नाव काढलं नव्हतं. प्रमोदिनी स्वयंपाकघरातून धावतच आली.

त्यानंतर तो रोज गेला. कुणी काही शिकवलं नाही, कुणी कुणाला धीर दिला नाही. कधी त्या रडायच्या, कधी तो गप्प बसायचा. मावशी गेल्या त्यासुद्धा शांतपणे नव्हेत. सकाळच्या उन्हात, "सोडू नका, सोडू नका," असं म्हणत गेल्या. श्रीरामनं सोडलं नाही. दत्तात्रेयनं हळूच त्याची बोटं मोकळी केली तेव्हा त्यांवर मावशींच्या नखांचे वळ होते.

गल्लीतून त्यांना नेलं. 'राम नाम सत्य है' करत पुरुष वळणाआड गेले आणि त्यांत श्रीरामही गेला. मालविका प्रमोदिनीजवळ थांबली, खोली धुऊन घेतली, मग घरी येऊन वाट बघत बसली.

तो उन्हं कलताना आला. घाटावर आंघोळ केलेली, केस ओले, ओठ थंडीनं निळे. तिनं टॉवेल पुढं केला. त्यानं तो घेतला, पण केस पुसले नाहीत. दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर उभा राहिला.

"तू कुठं रडायचीस?"

"काय?"

"मी तसा झालो होतो तेव्हा. तू कधी माझ्यासमोर रडली नाहीस. मग कुठं रडायचीस?"

रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"गच्चीवर. टाकीच्या मागं."

"दाखव."

"आत्ता? ओले आहात तुम्ही. सर्दी होईल."

"होऊ दे," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज थोडा कापला.

ती पुढं झाली. जिना अरुंद होता. मागं त्याची पावलं थांबत, दम खात येत होती. गच्चीवर माकडांसाठी ठोकलेल्या जाळीतून ऊन तुकड्या-तुकड्यांनी पडलं होतं. पाण्याच्या काळ्या टाकीमागं भिंत आणि टाकी यांच्यामध्ये एक सिमेंटचं रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं होतं. एका माणसापुरती जागा.

श्रीराम वाकून आत शिरला आणि त्या पोत्यावर बसला. समोर शेजारच्या घराची ओली, रंग उडालेली भिंत होती. त्यानं मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"इथून गंगासुद्धा दिसत नाही."

"म्हणूनच," मालविका म्हणाली.

त्यानं गुडघे जवळ ओढून घेतले आणि भिंतीकडे सरकला. बाजूला उरलेली जागा फारच थोडी होती. मालविका क्षणभर उभी राहिली. मग पदर सावरून तिनं टाकीला हात टेकला आणि हळूहळू खाली बसू लागली.