पारूबाईंचा आवडता सिनेमा

माझ्या आईला सिनेमातलं कळतं, एवढं सोमनाथसरांना मान्य होतं. तिला मेंढरं सोडून दुसरं काही आवडू शकतं, हे मात्र त्यांच्या पचनी पडलं नाही. सगळं भांडण एवढ्याचंच आहे. आता हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यातली निम्मी आग माझी माझ्यावरच आहे, तेही सांगेन, लपवणार नाही.

आमची वस्ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला. सतरा घरं, सगळी मेंढरं-शेरडांवर जगणारी. मी भोरला कॉलेज केलं आणि आता वेल्ह्यात एका वाचनालयात काम करते. सोमनाथसर आम्हाला कॉलेजात मराठी शिकवायचे आणि वर्गानंतर परदेशी सिनेमे दाखवायचे. त्यांनी भोरमध्ये चित्रपट मंडळ काढलंय. मंडळाचा जुना प्रोजेक्टर आणि सिनेमांनी भरलेला पेन ड्राइव्ह त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, जा, वस्तीला जग दाखव. त्या उपकाराखाली मी तीन वर्षं वाकलेली होते.

दर शनिवारी मेंढरं कोंडून झाली की शाळेच्या खोलीत सिनेमा. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, भिंतीवर पांढरी चादर. अडचण एकच होती. पडद्यावरची माणसं बोलतात त्यांच्या भाषेत, खाली पळतं इंग्रजी, आणि वस्तीवर ते वाचू शकणारी मी एकटी. मग मी आठवडाभर तोच सिनेमा तीन-तीनदा बघायची, कोण काय म्हणतं ते वहीत उतरवायची आणि शनिवारी चादरीच्या बाजूला उभी राहून सगळ्यांचं बोलणं आमच्या बोलीत म्हणायची. फ्रान्सची श्रीमंत बाई माझ्या तोंडून 'आगं बया' म्हणायची. कोरियातला फौजदार 'गप ऱ्हा की रं' म्हणून दरडावायचा. आमचे रखमाजीमामा तर सगळ्यांना सांगत सुटले होते, की जपानी लोक अगदी आपल्यासारखंच बोलतात.

आई पुढं बसायची, एक गुडघा उभा करून. तिचं नाव पारूबाई, वय पासष्टच्या घरात, अक्षरओळख नाही. सिनेमा चालू असताना तिचं तोंड बंद. घरी जाताना वाटेत मात्र निकाल द्यायची, आणि तिचा निकाल मी कधी चुकलेला पाहिला नाही. एका गाजलेल्या सिनेमातल्या डॉक्टरबद्दल ती म्हणाली होती, त्याला रडायला लावलंय, रडू आलेलं न्हाई. मी परत जाऊन बघितलं. तसंच होतं.

तिचा सगळ्यात आवडता सिनेमा हंगेरीचा. एक बाई चाळीस वर्षं ट्राममध्ये लोकांची तिकिटं तपासते. निवृत्त होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळी उठते, चांगला कोट घालते आणि त्याच ट्राममध्ये खिडकीशी जाऊन बसते. ट्राम शहराला फेऱ्या घालत राहते, ती बसून राहते. बस्स. सिनेमात एवढंच. रखमाजीमामांना डुलकी लागली. आईनं तो पाच वेळा लावायला लावला.

दिवाळीच्या आधी सरांचा निरोप आला. मंडळ एक पुस्तक काढणार होतं. गावाकडच्या पंचवीस प्रेक्षकांनी आपल्या आवडत्या परदेशी सिनेमाची शिफारस करायची, प्रत्येकानं पाच-सहा ओळींत. खाली नाव, गाव. मी आईला विचारलं. तिनं दोन दिवस विचार केला, मग चुलीपुढं बसून सांगितलं आणि मी एक अक्षर न बदलता लिहून पाठवलं.

"ती बाई जनमभर दुसऱ्यांची तिकिटं बघत हुबी ऱ्हायली. शेवटी बसली ती खिडकीला बसली. कुणी तिला ऊठ म्हणलं न्हाई. गाडी फिरून फिरून तितंच आली, तरी ती उतरली न्हाई. मला बी एकदा असं बसायचंय. कुठं जायचं न्हाई, निस्तं बसायचं."

तिचं नाव आजवर रेशनकार्डावर आणि मतदारयादीत छापलंय, तेही दोन्हीकडं वेगवेगळं. आता तिचं म्हणणं तिच्या नावाखाली पुस्तकात येणार होतं. तिला वाचता येणार नव्हतं, पण तिनं मला दोनदा विचारलं, मी सांगितलंय तसंच येईल ना. मी म्हटलं, तसंच येईल.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. शिफारस सुरेख आहे म्हणाले, पण. ट्रामचा सिनेमा पुण्यातल्या कुणालाही आवडू शकतो, त्यात पारूबाईंचं असं वेगळं काय? त्यापेक्षा तो मेंढीचा सिनेमा घेऊ. मध्य आशियातला, डोंगरातल्या मेंढपाळांचा, ज्यातल्या मेंढीच्या बारा मिनिटांच्या ओरडण्यावर सरांनी मोठा लेख लिहिला होता. मी सांगितलं की आईला तो आवडला नाही, ती अर्ध्यातून उठून गेली, डोकं दुखतंय म्हणाली. सर हसले. आवडला नसेल कसा, म्हणाले, तिचंच तर जगणं आहे ते.

सर मूळचे सारोळ्याचे, बागायतदार घरातले. पूर्वी पाऊस सरला की आमची मेंढरं खाली उतरायची आणि तिकडच्या रानात खतासाठी बसायची. सरांच्या वडिलांच्या शेतातही बसायची. लहानपणी आपण पारूबाईंच्या हातची भाकरी खाल्लीय, हे सर प्रत्येक भाषणात सांगतात. एका भाकरीवर त्यांना वाटतं, आम्ही त्यांना तोंडपाठ आहोत.

मी म्हणायला हवं होतं, नाही जमणार सर. पण त्याच फोनमध्ये त्यांनी सांगितलं की मंडळ नवा प्रोजेक्टर घेतंय आणि तो आमच्या वस्तीला द्यायचा विचार आहे. जुन्याचा दिवा मधेच विझायचा, महिनाभर आम्ही अर्धे सिनेमे बघत होतो. मी म्हणाले, बघा सर, तुम्हाला योग्य वाटेल तसं. फोन ठेवला आणि आईला काही बोलले नाही. झालं ते एवढंच, आणि ते मी केलं, दुसऱ्या कुणी नाही.

प्रकाशनाला भोरच्या एका कार्यालयात बोलावलं होतं, रविवारी सकाळी. आई चॉकलेटी साडी नेसली, वेल्ह्याच्या बाजारातून आणलेल्या नव्या चपला घातल्या. सरांनी मला निरोप दिला होता, पारूबाईंना घोंगडं आणि काठी घेऊन आण. तेही मी गिळून टाकलं होतं, आईला सांगितलं नाही. कापूरहोळला गाडी बदलली, दहाला पोचलो. दारातच मंडळाची शेफाली नावाची पुण्याची मुलगी उभी होती. ती आईला वाकून नमस्कार करून म्हणाली, आजी, घोंगडी नाही आणली? हरकत नाही, आमच्याकडे आहे. आणि तिनं खरोखरच एक करकरीत कोरं घोंगडं आईच्या खांद्यावर टाकलं. कार्तिकातल्या उन्हात, पंखे लावलेल्या कार्यालयात. आईनं ते एकदा चिमटीत धरून बघितलं आणि मला म्हणाली, मशीनवरचं हाय. मग ती तशीच बसून राहिली, पाहुण्यांच्या घरी नको असलेला चहा घ्यावा तशी.

सरांनी भाकरीची गोष्ट सांगितली. पुस्तकाचं प्रकाशन झालं. मग त्यांनी आईला स्टेजवर बोलावलं, मला बोलावलं आणि पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाले, स्वप्नाली, आईची शिफारस तूच वाच.

सत्ताविसावं पान. मी बघितलं आणि कानशिलं तापली. तोवर मला वाटत होतं, फार तर सिनेमा बदलतील. खाली छापलं होतं, "डोंगर माझा सखा, मेंढरं माझी लेकरं. या सिनेमातल्या मेंढीच्या आर्त सादेत मला माझ्याच मातीचा हुंकार ऐकू आला." आणि त्याखाली ठळक अक्षरांत माझ्या आईचं नाव. आई जन्मात कधी हुंकार म्हणालेली नाही. मेंढरांना ती मेंढरंच म्हणते. लेकरं तिला तीन आहेत आणि तेवढी तिला पुरेशी होतात.

मला पुस्तक मिटून तिचे खरे शब्द म्हणता आले असते. पाठच होते. आईला कळलं नसतं, समोरच्यांना वाटलं असतं पोरगी पान चुकली. पण राग आला की माणूस शहाण्यासारखं वागत नाही. मला वाटलं, वाचूच, ऐकू दे तिला काय केलंय यांनी. हे यांनी केलंय, असंच तेव्हाही मनात म्हणत होते, बघा. मी छापलेलं जसंच्या तसं वाचलं.

टाळ्या झाल्या. आईनं हात पुढं करून माइक मागितला. तिनं तो कसा धरायचा तेही विचारलं नाही.

"म्या त्यो सिनेमा पुरा बघितला न्हाई," ती म्हणाली. "ती मेंढी वरडाया लागली तवा उठले. मेंढी चरताना येगळी वरडती आन् कोकरू गेल्यावर येगळी. ती हुडकत व्हती. सिनेमावाल्यांनी तिचं कोकरू न्हेऊन दडवलं, न्हाईतर मारलं, आन् तिला तसंच वरडू देऊन शूटिंग घेतलं. बारा मिन्टं. ह्ये मला आवडलं म्हणून कुणी ल्हिवलं, सोमनाथा?"

सर खाली मान घालतील असं मला वाटलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. ते उठले, आईच्या पाया पडले आणि माइकवर म्हणाले की अशी नजर जगातल्या कुठल्या समीक्षकाकडं नाही, पारूबाईंचा हा आक्षेप आपण पुढच्या आवृत्तीत शब्दशः छापू, पुस्तकाला केवढी उंची येईल. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

सर मराठीच बोलत होते. तरी आईनं माझ्याकडं बघितलं, हे काय म्हणतात ते सांग, म्हणून. शनिवारी पडद्यावरचं एखादं माणूस फार बोललं की बघते तसं.

"त्ये म्हणत्यात, तुझा राग बी छापू," मी म्हणाले.

मग मी सरांच्या हातातून माइक ओढून घेतला. माझा आवाज फाटला होता. माझ्या आईचा आवडता सिनेमा मेंढीचा नाही, ट्रामचा आहे, हे मी सांगितलं. तिनं चुलीपुढं बसून सांगितलेल्या ओळी एकेक करून म्हटल्या. ते पान फाडा, मी म्हणाले. सर, तुमच्या तोंडाला मेंढीशिवाय दुसरी चवच नाही का, असंही म्हणाले, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आणि लोकांनी काय करावं? त्यावरही टाळ्या वाजवल्या. शेफाली मोबाईलवर शूटिंग करत होती. पान कुणी फाडलं नाही. बाहेर टेबलावर पुस्तकं खपत होती, सत्ताविसाव्या पानासकट.

आईनं घोंगड्याची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि चालायला लागली.

एसटी स्टँडवर गाडीला वेळ होता. माझ्या तोंडाची टकळी चालूच होती, सर असे, मंडळ तसं, मी यांना कोर्टात खेचते की नाही बघ. आई बाकावर बसून ऐकत होती. मी दमले तेव्हा तिनं विचारलं, तसं छापणार ह्ये तुला म्हाईत व्हतं का.

मी म्हणू शकले असते, नव्हतं माहीत. हुंकार वगैरे खरंच माहीत नव्हतं.

"सिनेमा बदलणार ते म्हाईत व्हतं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. चिडली असती तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "इतकं दीस पडद्यावरची माणसं काय बोलत्यात ते तू सांगितलंस. ते तरी खरं व्हतं का?"

"व्हय आय. समदं खरं."

तिनं परत मान हलवली, तशीच.

मंगळवारी सरांच्या माणसाचा निरोप आला, जुना प्रोजेक्टर मंडळाला हवाय. मी स्वतः भोरला नेऊन आदळला. शनिवारी वस्तीवरच्या बंडूनं त्याच्या घरचा टीव्ही टेम्पोत घालून शाळेत आणला, त्या टीव्हीला पेन ड्राइव्ह जोडता येतो. सिनेमा नवीन होता, कुणीच न बघितलेला. मी आठवडाभर राबून वही भरली होती, खुन्नसनंच भरली होती, एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता. माणसं बसली. आई पुढं बसली. मी टीव्हीशेजारी उभी राहिले आणि वही उघडली.

"तू आज बोलू नगंस," आई म्हणाली.

रखमाजीमामा मागून म्हणाले, मग आम्हाला कळायचं कसं. आईनं मागं वळूनही बघितलं नाही.

"त्वांडं बघा की त्यांची," ती म्हणाली.

मी मागं जाऊन भिंतीला टेकून बसले. दोन तास पडद्यावरची माणसं बोलत होती, भांडत होती, एक बाई दारात उभी राहून कितीतरी वेळ काहीतरी सांगत होती. ती काय म्हणत होती ते मला शब्दन् शब्द माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही.