पिवळ्या रकान्यातला किरण

खरं सांगू? मी हे लिहिणारच नव्हतो. चूक माझ्या हातून झाली होती आणि ती कुणी माझ्या नावावर लावलीही नव्हती. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण गप्प बसून बघितलं, जमेना.

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. घरोघरी जाऊन माहिती भरतात ना, त्या सर्वेचा. वय चार वर्षं. माणसांत हे वय बालवाडीचं, आमच्यात मात्र लोक बदलीचं बोलायला लागतात. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा आहे. बॅटरी जेमतेम वीस मिनिटं टिकते, म्हणून हे तुकड्यातुकड्यांत लिहितोय. मध्येच थांबलो तर समजून घ्या, चार्जिंगला गेलोय.

मला शिकवलं कुणी नाही. लोक उत्तरं द्यायचे, ती ऐकून ऐकून मराठी आली. थोडी अहिराणीही आली. ती मात्र उंबऱ्यावर बसूनच शिकता येते.

मी धुळ्याच्या एका संस्थेत खोक्यातून बाहेर आलो. पहिला हात लागला तो हेमांगीताईचा. सर्वे करणारी ती. तिनं माझी काच ओढणीनं पुसली आणि म्हणाली, "पाडणार नाही हं तुला." तिनं शब्द पाळला. तडा गेला तो हितेंद्रमुळे. हितेंद्र तिच्यासोबत मोटरसायकल चालवायचा आणि मुलांची उंची मोजायचा. बोलायला एक नंबर. दर दोन घरांनंतर म्हणायचा, "ताई, हा टॅब माझ्यापेक्षा हुशार आहे. बरंय, लग्नाच्या बाजारात नाही तो."

माझ्या पोटात एक फॉर्म भरला होता. तो आपल्याकडचा नव्हता. समुद्रात समोआ नावाची बेटं आहेत. तिथली बरीच माणसं मोठ्या देशात राहायला गेली. ती कशी जगतात, त्या देशातच जन्मलेली माणसं कशी जगतात, मुलांची वजनं, शिक्षण, काम, शेजार, असं सगळं समोरासमोर ठेवून बघायला कुणीतरी तो फॉर्म केला होता. आमच्या संस्थेला तो आवडला. मराठीत केला आणि शिरपूरला पाठवला.

शिरपूरला बघायचं होतं असं. नदीच्या अलीकडे जुन्या गल्ल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथेच असलेली शेतकरी घरं. पलीकडे पत्र्याची वस्ती. धडगावकडच्या डोंगरातून बारा-पंधरा वर्षांपूर्वी कामाला आलेली पावरा कुटुंबं तिथे राहतात. कुणी कापसाच्या जिनिंगमध्ये, कुणी बांधकामावर. दोन्हीकडच्या सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये फरक आहे का, किती आहे, एवढंच शोधायचं होतं.

आणि त्यावर एक गोष्ट अडकली होती. वस्तीत गिनाबाई पावरा नावाची बाई बालवाडी चालवते. एक पत्र्याचं शेड, चाळीस मुलं, दुपारी खिचडी. आया कामावर गेल्या की ही मुलं तिच्याकडे. ती बालवाडी संस्थेच्या मदतीवर चालायची आणि मदत एप्रिलअखेर संपत होती. वस्तीतली मुलं मागे दिसली तर पुढं चालू, नाही दिसली तर बंद. गिनाबाईला हे ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, या पाटीत आमच्या पोरांचं काय ते कळंल ना बरोबर?"

"कळेल," हेमांगीताई म्हणाली.

मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

तिथेच माझा मित्र भेटला. शेडच्या वाशाला टांगलेला झोळीचा वजनकाटा. वयानं माझ्यापेक्षा बराच मोठा. गोल तोंड, मध्ये काटा, खाली कापडी झोळी. मूल झोळीत बसवलं की रडायचं, आणि गिनाबाई म्हणायची, "रडू नको राजा, तुला इकत नाही मी, मोजते." सगळे हसायचे, मूलही हसायचं आणि काटा थरथरायचा. मग ती म्हणायची, "आता हसू बी नको, काटा हालतो."

फॉर्ममध्ये गमतीही होत्या. एक प्रश्न तसाच राहून गेला होता: तुमच्या बेटावर वर्षातून किती वेळा जाता?

गिनाबाईनं विचारलं, "बेट म्हणजे?"

"डोंगर समजा मावशी," हितेंद्र म्हणाला.

"मग असं इचार ना. होळीला जातो. समदे जातो. आजारी माणूस बी खाटेवर घालून नेतो."

हेमांगीताईनं 'वर्षातून एकदा' भरलं. खाटेवर नेलेल्या माणसासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

आता माझी चूक सांगतो. प्रत्येक मुलाचं जन्मगाव विचारायचं होतं. ते शिरपूर तालुक्यातलं असेल तर मी त्या मुलापुढे हिरवा रंग लावायचो, म्हणजे स्थानिक. बाहेरचं असेल तर पिवळा, म्हणजे बाहेरून आलेलं. ही वर्गवारी हेमांगीताई करत नव्हती, मी करत होतो. एका क्षणात. सगळे म्हणायचे, काय फास्ट आहे!

वस्तीतली बहुतेक मुलं शिरपूरच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेली. हिरवा, हिरवा, हिरवा. अलीकडच्या गल्ल्यांत मात्र घरातलं पहिलं मूल कुठे अमळनेर, कुठे चोपडा, कुठे साक्री. पिवळा, पिवळा. त्याच पानावर खाली दुसरं उत्तर असायचं: या गावात किती वर्षं? पाच पिढ्या. मला दोन्ही दिसत होती. वर बाहेरचा, खाली पाच पिढ्या. हे जुळत नाही हे मला कळत होतं, मित्रांनो. पण थांबून विचार असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि थांबलो असतो तर फास्ट कोण म्हणालं असतं? मी पुढचं पान उघडत राहिलो.

दोन महिन्यांत तीनशे बारा घरं झाली. मग योगेंद्र सरांचा फोन आला. संस्थेचे मोठे सर. माणूस वाईट नाही. हेमांगीताईनं फोन स्पीकरवर ठेवला, कारण ती मला हातात धरून आकडे बघत होती.

"हेमांगी, चांगली बातमी आहे. बाहेरून आलेल्यांची मुलं तर स्थानिकांपेक्षा वजनात बरी निघाली. म्हणजे तिथली बालवाडी आता दुसरीकडे नेता येईल. पिंपळनेरकडून मागणी आहेच."

"सर, पण मी तिथली मुलं बघितलीत. मनगटं एवढी-एवढी आहेत."

"आपण डोळ्यांनी नाही बघत, आकड्यांनी बघतो. तूच भरलेत ना?"

भरले होते तिनंच. फोन ठेवल्यावर तिनं मला पालथं घातलं. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गिनाबाईला सांगायला गेली. गिनाबाई खिचडी वाढत होती. तिनं ऐकून घेतलं, पळी थांबली नाही. शेवटच्या ताटापर्यंत वाढून झाल्यावर म्हणाली, "आमची पोरं चांगली निघाली तर चांगलंच हाये, ताई. पण मग काटा खोटं बोलतो का? दर महिन्याला मीच बसवते ना झोळीत." मग पदराला हात पुसत म्हणाली, "एक तारखेपासून ह्यांना आया कामावर नेतील. मागल्या वर्साला एक पोरगी खडीच्या ढिगावरून पडली. म्हणून तर शेड टाकलं होतं."

वर टांगलेल्या काट्याकडे मला बघवेना. तो मोजतो, वाद घालत नाही.

आमच्या कामात एक पद्धत असते. दहातलं एक घर पुन्हा तपासायचं. त्यात नंबर लागला प्रमिलाबाईंच्या घराचा. अलीकडची जुनी गल्ली, दारात म्हैस, ओट्यावर किरण नावाचा चार वर्षांचा नातू, हातात केळं, गाल असे की हितेंद्रला चिमटा घेतल्याशिवाय राहवेना. हेमांगीताईनं पान उघडलं. प्रमिलाबाई शेजारी वाकून बघत होत्या.

"ओ ताई, आमना किरणनं नाव पुढे हाई पिवयं काय शे?"

"अक्का, ते... बाहेरून आलेल्यांचा रंग आहे."

"बाहेरना?" प्रमिलाबाईंचा आवाज असा चढला की म्हैस वळून बघायला लागली. "आमना किरण बाहेरना? आरे, त्याना आजाना आजा बी याच गल्लीमा जल्मना!"

"पण जन्म अमळनेरचा लिहिलाय, अक्का."

"मंग? सूननं मायेर अमयनेर शे. पयलं बायतपन मायेरले नही करतस ते काय एस्टीमा करतस?"

हितेंद्रला हसू आवरेना. प्रमिलाबाईंनी मोर्चा हेमांगीताईकडे वळवला. "तुना जल्म कोठे व्हयना, बेटी?"

"भुसावळला. आईचं माहेर." आणि हेमांगीताई तिथेच थांबली. ती धुळ्याची. आजोबा-पणजोबा सगळे धुळ्याचे.

"मंग तू बी पिवयी!" प्रमिलाबाई म्हणाल्या. "बठ्ठा खान्देश पिवया शे मंग!" म्हणजे सगळा खान्देशच!

हेमांगीताईनं मला उचललं. तिच्या बोटांना घाम आला होता, माझ्या काचेवर तिची बोटं घसरत होती. तिनं पिवळी नावं एकेक करून उघडली. पाटील, पाटील, माळी, पाटील. मग हिरवी उघडली. पावरा, पावरा, पावरा. ती ओट्यावरच बसली.

"हितेंद्र, आपण पोरं उलट्या रकान्यांत बसवलीत रे."

हितेंद्र हसायचा थांबला. "ताई, कुणाला सांगू नका. रिपोर्ट गेलाय. तीनशे बारा घरं चुकली म्हणून सांगाल तर पुढचं काम कोण देईल तुम्हाला? घरी तुमच्यावरच चाललंय ना सगळं?"

"आणि गिनाबाईचं शेड?"

हितेंद्र किरणच्या केळ्याची साल उचलून म्हशीला द्यायला गेला. प्रमिलाबाईंना अर्धंच कळलं होतं, पण त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "चूक व्हयनी ते सांगी टाक. पोट दुखस मंग."

हेमांगीताईनं ओट्यावरूनच फोन लावला. योगेंद्र सरांनी तिला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "रिपोर्ट पुढे पाठवलाय मी. माझंही नाव आहे त्यावर." आणि लगेच विचारलं, "किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे. मी सुटीच्या दिवशी पण जाईन, सर. फक्त एकच प्रश्न विचारायचाय. तुमचं घर मूळचं कुठलं?"

"बरं. पण पुढच्या सर्वेचं मी आत्ता काही कबूल करत नाही." सरांनी फोन ठेवला.

मग आम्ही तीनशे बारा उंबरे पुन्हा चढलो. हितेंद्र आधी कुरकुरला, पण एकाही दिवशी उशिरा आला नाही. माझी बॅटरी बिघडली ती त्याच उन्हात. या वेळी फरक दिसला. वस्तीतली मुलं अलीकडच्या मुलांपेक्षा वजनात कमी, उंचीत कमी, आणि त्यांची मोठी भावंडं पाचवीनंतर शाळेत जवळजवळ नाहीतच. एका ठिकाणी मात्र आकडा उलटा होता. आजारपणात तुमच्या मुलाला कोण सांभाळतं? अलीकडे बहुतेक घरांत 'घरातलेच' असं उत्तर होतं. वस्तीत लोक शेजारच्या पाच-पाच, सात-सात घरांची नावं सांगायचे. हेमांगीताईनं ती सगळी नावं शेऱ्यात टाईप केली. रकाना पुरला नाही, तरी केली.

बालवाडी वाचली. पक्की खोली मिळाली नाही, ती पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पण खिचडी आणि शेड चालू राहिलं. एक तारखेला चाळीसच्या चाळीस मुलं आली. गिनाबाई हेमांगीताईला म्हणाली, "चुकलीस ते बी तूच सांगितलं आन सुधारलं ते बी तूच. आता जेवूनच जा." ताईनं मुलांच्या पंगतीत बसून खिचडी खाल्ली.

मग कित्येक महिने मी कपाटात होतो. नवे टॅब आले, पातळ, चकचकीत. मला कुणी हात लावला नाही. त्या अंधारात मला ते पान दिसत राहायचं, वर पिवळा, खाली पाच पिढ्या. म्हणून म्हणतो मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपा, चार्ज करा, उन्हात ठेवू नका. पण आमच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. आम्ही फास्ट आहोत, शहाणे नाही. माणूस कुठला हे त्याच्या दारात बसून त्यालाच विचारा.

परवा कपाट उघडलं. योगेंद्र सरांनी वरणगावचा नवा सर्वे शेवटी हेमांगीताईलाच दिलाय. तिनं नवा टॅब घेतला नाही, मला घेतलं, सोबत एक पॉवर बँक. फॉर्ममध्ये तिनं स्वतः एक गोष्ट नवी टाकली: दोन उत्तरं जुळली नाहीत तर मला आता थांबता येतं.

आज निघण्याआधी ती मला घेऊन वस्तीत आली होती, गिनाबाईचा निरोप घ्यायला. त्या दोघी बोलत होत्या तेव्हा मला काट्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं होतं. त्याच्या झोळीत एक नवं बाळ होतं. त्याचा काटा थरथरला आणि स्थिर झाला. मी त्याला सगळं सांगितलं. कळत होतं आणि गप्प बसलो, हेही.

तो म्हणाला, "आणि आता तिकडे, नव्या गावात?"

मी म्हणालो, "वरणगावला कुठली आई म्हणेल की पोर माहेरी झालं, तर मी पुढचं पान उघडणार नाही. घाई असू दे, ऊन असू दे, हितेंद्रनं चार वेळा बोट दाबून शिव्या घालू दे. ताई त्या आईला नीट विचारेपर्यंत मी अडून बसेन. शब्द देतो तुला."