हौशी गटातली टाकी

साहेब, तुम्ही संध्याला खोटं सांगितलंत. खेळाडूंसाठी राखलेली सरकारी नोकरी द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तुम्ही खुर्चीत रेललात, तिला पिशवीतली पदकं बाहेरसुद्धा काढू दिली नाहीत आणि म्हणालात, "रस्त्यावर पळणं हा छंद झाला, बाई. नोकरी खेळाडूला असते. तू हौशी. शिवणकाम वगैरे शीक."

साहेब विसरले. त्यांचं ते रोजचंच. संध्या विसरली नाही.

आता हौशी म्हणजे कोण, हे या शहरात कुणीही सांगेल. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही वरच्यांची मर्जी झाली तर. शहर मात्र मोकाट वाढत होतं. काल ज्वारी होती तिथं आज सात मजले. पहाट झाली की त्या मजल्यांवरनं माणसं खाली उतरायची आणि पळत सुटायची. डॉक्टर, वकील, बँकवाले. अंघोळीला बादलीभर पाणी, पण घाम गाळायची हौस दांडगी.

संध्याला ही माणसं आवडायची, हेही सांगून टाकतो. तिच्या मनात त्यांच्याविषयी काडीचं वाकडं नव्हतं. उस्मानपुऱ्यातली दातांची डॉक्टर मृण्मयी तर तिची मैत्रीणच झाली होती. विद्यापीठाच्या रस्त्यावर दोघी बरोबर पळायच्या.

"डॉक्टरताई, घड्याळाकडं नका बघू सारखं. रस्त्याकडं बघा."

"अगं, मी जिवंत आहे का नाही ते घड्याळच सांगतं मला," मृण्मयी धापा टाकत म्हणायची.

मृण्मयी पळायची ती मन हलकं व्हावं म्हणून. संध्या पळायची ती घर चालावं म्हणून. या रविवारी नांदेड, पुढच्या रविवारी नाशिक. जिथं शर्यत तिथं एसटीनं जायचं, पहिल्या तिघींत यायचं, बक्षीस घेऊन परतायचं. घरातला मिक्सर पळून आणलेला, पंखाही पळून आणलेला. तिची आई केसरबाई पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची आणि शेजारणींना ऐकवायची, "आमच्याकडं इकत काय बी आणत नाय. पोरगी पळती, वस्तू तिच्या मागं पळत येत्यात."

त्या वर्षी शहराच्या मॅरेथॉनमध्ये बायकांत पहिली येईल तिला हजार लिटरची पाण्याची टाकी होती. एका टाकीवाल्या कारखानदारानं दिलेली. केसरबाई हरखून गेली. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत पाणी भरून ठेवायला हंडे, कळशा, पातेली, शेवटी कुकरसुद्धा. तिनं शर्यतीआधीच दारापुढं विटांचा ओटा रचून घेतला.

"आई, अजून पळायचंय म्हटलं मला."

"मग पळ की. वट्याला कुठं पळायचंय?"

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. संध्या पहिली आली. मृण्मयी बऱ्याच मागून, पण दुसरी आली आणि पहिली आल्यासारखी नाचली. मैदानात मांडव होता. टाकीला झेंडूचा हार घातला होता. तसाच हार घालून प्रमुख पाहुणे शेजारी बसले होते. संध्यानं बघितलं. साहेब! तेच साहेब, तशीच रेललेली मान.

बक्षीस देण्याआधी प्रत्येकाला 'आपण काय करता' हे विचारायची व्यंकटरावांची पद्धत. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस शर्यत भरवणाऱ्या रनर्स क्लबचा अध्यक्ष होता. मनानं चांगला, पण नियमापुढं आंधळा. पुरुषांतला पहिला म्हणाला, "कॉम्प्युटर इंजिनिअर." टाळ्या पडल्या. मग माईक संध्यापुढं आला.

"ताई, आपण काय करता?"

"पळते."

"ते दिसलं आम्हाला!" मांडव हसला. "पोटापाण्यासाठी काय करता?"

"पोटासाठीच पळते, काका. जिथं बक्षीस आहे तिथं जाते. दुसरं काम नाय."

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. त्यांनी माईक खाली केला आणि हळूच म्हणाले, "अहो ताई, हा हौशी गट आहे. पोटासाठी पळणारा व्यावसायिक. त्याला इथं बक्षीस देता येत नाही."

"मग त्यो गट कुठंय?"

"तो फक्त पुरुषांचा ठेवलाय. बायकांत असं कोण असणार, असं वाटलं आम्हाला." ते ओशाळले. "दुसरं काहीतरी काम सांगा ना. मी परत विचारतो. टाकी तुमचीच."

खाली पहिल्या रांगेत केसरबाई उभी राहिली होती. दोन्ही हात पुढं धरून हवेत पोळ्या लाटत होती. सांग, पोळ्या लाटते म्हणून सांग! मागून कुणीतरी ओरडलं, "अम्मा, इत्ती जोर से मत बेलो, रोटी फट जाएगी!"

संध्याला हसू फुटलं. एक शब्द बोलायचा आणि टाकी घरी न्यायची. खोटंही फार नव्हतं, दिवाळीत तिनं मेसमध्ये लाटल्याही होत्या. पण समोर साहेब बसले होते.

दुसऱ्या नंबरच्या पायरीवरनं मृण्मयी म्हणाली, "काका, टाकी माझ्याकडं ढकलू नका हं. मी हरलेय, मला माहितेय."

संध्यानं व्यंकटरावांच्या हातातनं माईक घेतला. खूप दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं तिला.

"साहेब, जय भीम. मी तुमच्या कचेरीत आले होते, पदकं घेऊन. तुम्ही म्हनला, तू हौशी, तुला नोकरी नाय. इथं काका म्हनत्यात, तू व्यावसायिक, तुला टाकी नाय. दोघंबी शिकलेली माणसं. मी एकटी दोन कशी होऊ?"

मांडवात आधी एक टाळी पडली, मग शिट्टी. साहेबांनी हार काढून मांडीवर ठेवला.

"माझं काय भांडण नाय. हौशी म्हणा, टाकी आत्ता टेम्पोत घालते. व्यावसायिक म्हणा, उद्या सकाळी कचेरीत येते, नोकरीचे कागद काढून ठेवा. मला दोन्ही चालतंय."

"एकच माग गं," खालनं केसरबाई ओरडली, "पण आजच माग!"

सगळा मांडव हसत होता. व्यंकटरावसुद्धा. साहेब एकटेच हसत नव्हते. संध्या दोन पावलं पुढं गेली आणि माईक त्यांच्या तोंडापुढं धरला.

"बोला साहेब. मी कोण?"