शून्य तीन, शून्य एक

ऑफिसात छायाने ती सीडी तीनदा लावून पाहिली होती आणि तिन्ही वेळा ती सुरळीत चालली होती. म्हणूनच शनिवारी सकाळी ती लिंबायतच्या आपल्या जुन्या शाळेत निर्धास्तपणे गेली.

छाया महाजन रिंग रोडवर भाईदासभाईंकडे साड्यांच्या छपाईची डिझाइनं कॉम्प्युटरवर करायची. दिवाळीनंतर ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुने पाच शाळेला देऊन टाका, असं तिनेच सुचवलं होतं. भाईदासभाईंनी आढेवेढे घेतले नाहीत, पण पाचांच्या हार्ड डिस्क तेवढ्या काढून घेतल्या.

"एमां मारी डिझाइन छे, बेन," ते म्हणाले. त्यांचंही खरंच होतं. डिझाइन एकदा बाहेर गेलं की आठवड्यात तीच साडी समोरच्या दुकानात लागते.

हार्ड डिस्कशिवाय कॉम्प्युटर सुरू कसा करायचा, याचं उत्तर छायाला एका मासिकाबरोबर मिळालेल्या, लिनक्स नावाच्या मोफत सिस्टीमच्या सीडीत दिसलं. सगळीच्या सगळी सिस्टीम एका सीडीवर बसवायची आणि कॉम्प्युटर थेट तिच्यावरूनच चालवायचा. दीड महिना ती काम संपलं की ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर हे जुळवत बसायची. टायपिंगचा धडा, गणिताचे खेळ, चित्रं काढायचा प्रोग्राम, सगळं तिने निवडून त्यात घातलं होतं.

शाळेतल्या त्या खोलीत आठवीच्या बावीस मुली दाटीवाटीने उभ्या होत्या. मुख्याध्यापक होते, भाईदासभाईही पेढ्यांचा खोका घेऊन आले होते. छायाने पाची कॉम्प्युटरांत पाच सीड्या घातल्या. पांढरी अक्षरं भराभर वर सरकत गेली आणि एकेक करून पाची पडदे थांबले. शेवटची ओळ दोन शब्दांनी सुरू होत होती, कर्नल पॅनिक. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा.

तिने बटण दाबून पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच.

"काय झालं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"सर, ऑफिसात चालत होती. खरंच चालत होती."

"ऑफिसात चालून आपल्याला काय उपयोग?" ते तसे वाईट माणूस नव्हते, पण मोडके बाक ठेवायला त्यांना खोली हवी होती. "पुढच्या शनिवारपर्यंत बघू. नाहीतर भाईंनी त्यांचं सामान परत न्यावं."

भाईदासभाईंनी पेढ्यांचा खोका न उघडताच पिशवीत ठेवला. छायाला वाटलं, इथून निघावं आणि या गल्लीत पुन्हा पाऊल टाकू नये.

वर्गाच्या शिक्षिका शोभाबाईंनी पुढे येऊन तिच्या दंडाला हात लावला. त्यांनीच तिला इंग्रजीची मुळाक्षरं शिकवली होती. आता त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"छाया, तुला आता काही सुचायचं नाही. तू बस खुर्चीवर," त्या म्हणाल्या आणि वर्गाकडे वळल्या. "मुलींनो, वह्या काढा. समोरच्या पडद्यावर जे आहे ते जसंच्या तसं उतरवून घ्या. एक अक्षरही गाळायचं नाही."

"बाई, पॅनिक म्हणजे काय?" एकीने विचारलं.

"घाबरून जाणं."

"कॉम्प्युटर घाबरलाय?"

"हो. का घाबरलाय ते छायाताई शोधून काढतील. तू लिही."

छाया घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत पाच वह्या होत्या, प्रत्येक पडद्याची एक. तिचे वडील उखा रात्रपाळी करून दुपारी उठले होते. तीस वर्षं उधन्याच्या लूमवर, यंत्रमागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, पण पोरीचा चेहरा वाचायला कान लागत नाहीत.

"काय व्हयनं व माय?"

"बंद पडनं, आप्पा. पाचीच्या पाची."

"पडनं त पडनं. पहिले जेवी ले."

तिने भाकरी खाल्ली आणि वह्या उघडल्या. कुणी सगळं मोठ्या लिपीत लिहिलं होतं, कुणी ओळी आखून. एकीने इंग्रजी एस उलटा काढला होता. पण पाची वह्यांत शेवटी एकच आकडा होता, शून्य तीन, शून्य एक. शाळेत लाजेच्या भरात छायाने पडद्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. आता तिला तो आकडा टोचायला लागला.

सोमवारी ऑफिसात तिने लिनक्सची माहितीपत्रं काढली. कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला आत एक नंबर असतो. शून्य तीन, शून्य एक म्हणजे पहिल्या हार्ड डिस्कचा पहिला भाग.

शाळेतल्या कॉम्प्युटरांना हार्ड डिस्क नव्हतीच, आणि सीडी तीच शोधत होती. ऑफिसात ती मिळत होती, कारण ज्या कॉम्प्युटरवर छायाने सगळं बनवलं त्याच्या हार्ड डिस्कवर तिनेच घातलेलं लिनक्स होतं. सीडी नुसती सुरुवात करून द्यायची आणि गुपचूप हार्ड डिस्कवरची सिस्टीम चालवायची. ज्याला ती दीड महिना आपलं यश समजत होती, ते सीडीचं नव्हतंच.

खात्री करायला तिने कॉम्प्युटर उघडला, हार्ड डिस्कची वायर काढली आणि सीडी लावली. अक्षरं सरकली, थांबली. कर्नल पॅनिक. छाया एवढ्या मोठ्याने हसली की भाईदासभाई केबिनमधून बाहेर आले.

"चाल्युं?"

"नाही चाललं, भाई! इथेही नाही चाललं!"

ते काही न कळून परत गेले.

आता दुरुस्ती सुरू झाली. मूळ सिस्टीम हार्ड डिस्कवर नाही, सीडीवर शोध, असं तिने नव्याने लिहिलं. पुढची सीडी आणखी थोडी पुढे जाऊन अडली. प्रोग्रामांना चालताना काही ना काही टिपून ठेवायचं असतं आणि सीडीवर लिहिता येत नाही, म्हणून ते तक्रार करत होते. तेवढ्यासाठी कॉम्प्युटरच्या मेमरीतला एक कोपरा राखून ठेवण्यात बुधवार आणि गुरुवार गेले. शुक्रवारी संध्याकाळी, हार्ड डिस्कची वायर टेबलावर सुटी पडलेली असताना, पडद्यावर चित्रांचा प्रोग्राम उघडला. तिने माउसने एक वाकडीतिकडी रेघ ओढली आणि किती तरी वेळ तिच्याकडे बघत राहिली.

शनिवारी चार कॉम्प्युटर पहिल्याच झटक्यात सुरू झाले. पाचवा अडला. त्यात सीडी ड्राइव्हची वायर दुसऱ्या जागी जोडलेली होती, म्हणून छाया टेबलाखाली शिरली आणि दहा मिनिटांत ती बदलून बाहेर आली. मुख्याध्यापक दारातून डोकावले, मुलींच्या घोळक्यामागे थोडा वेळ उभे राहिले आणि बाकांचा विषय न काढता निघून गेले.

साडेदहाला वीज गेली.

खोलीत एकच गलका झाला. शेवटच्या कॉम्प्युटरवर बसलेली पूजा मात्र काळ्या पडद्याकडे बघत होती. जळगावला असलेल्या आजीला तिने एकेक अक्षर शोधत अर्धं पान पत्र लिहिलं होतं, इंग्रजी अक्षरांत मराठी. ते सगळं गेलं होतं. तिचे डोळे भरून आले.

छायाला अपराध्यासारखं झालं. लिहिलेलं जपून ठेवायची काही सोयच तिने केली नव्हती. तिचं लक्ष फक्त सुरू होण्याकडे होतं.

"माझं चुकलं गं," ती पूजाशेजारी बाकावर बसत म्हणाली. "फ्लॉपीवर साठवता येईल असं मला करायला हवं होतं. आता करते."

"वीज आल्यावर हे पुन्हा सुरू होईल?"

"होईल. सीडीला काही झालेलं नाही."

वीस मिनिटांनी पंखा फिरायला लागला. पाची कॉम्प्युटर आपले पुन्हा सुरू झाले, जणू काही घडलंच नव्हतं. पूजाने डोळे पुसले आणि पत्राचा पहिला शब्द टाइप केला. छाया तिच्याजवळच बसून राहिली. मधेच पूजाला एखादं अक्षर सापडलं नाही, की ती बोट पुढे करून दाखवत होती.