खोटं घोरणं

आमचे हे खऱ्या झोपेत कधी घोरायचे नाहीत. खऱ्या झोपेत इतके गप्प पडून असायचे की लग्न झाल्यावर सुरुवातीला मी घाबरून उठायचे आणि त्यांच्या नाकासमोर बोट धरून बघायचे. घोरायचे ते जागेपणी. तेही दुपारी, पुढच्या खोलीतल्या आरामखुर्चीत, आणि फक्त मुलीनं पियानो वाजवावा म्हणून.

पियानो सुरात लावून देणं हा त्यांचा धंदा. शाळांत, हॉटेलांत, लोकांच्या घरी जायचं, झाकण उघडायचं आणि किल्लीनं एकेक तार पिळत बसायचं. सगळे त्यांना किल्लीवाले म्हणत. आमच्या घरचा पियानो एका हॉटेलनं टाकून दिलेला. तो वर आणताना जिन्याचा कठडा मोडला आणि त्यावरून घरमालकानं मला जे ऐकवलं, ते मी अजून विसरलेले नाही. त्याच पियानोवर आमची बिट्टी शिकली.

मी पडदे शिवते. सुरातलं मला ओ की ठो कळत नाही. पण बिट्टी वाजवायला लागली की माझ्या हातातली सुई थांबायची. आणि कोणी ऐकतंय एवढं कळलं, की हिचं सगळं संपलं. शाळेच्या कार्यक्रमात ती स्टुलावर बसली, पट्ट्यांवर हात ठेवले आणि तशीच बसून राहिली. सभागृह वाट बघतंय, बाई खुणा करतायत, ही ढिम्म. शेवटी उठून पडद्यामागे आली. मी तिचे हात पदरानं पुसले, तर घामानं ओले आणि बर्फासारखे गार.

"आई, मला सगळ्यांचे कान दिसत होते," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं कोणासमोर वाजवलं नाही. मोठी झाली, लहान मुलांना पियानो शिकवायला लागली, पण तिथंही एखादी ओळ दाखवून हात मागे घेते. माझी तिला अडचण नव्हती. मला काही कळत नाही म्हटल्यावर मी घरातल्या कपाटासारखीच. अडचण होती ती यांची, कारण यांना सूर तसूभर उतरलेला असला तरी कळायचा. म्हणून ती लहान असताना यांनी घोरायची युक्ती काढली. बाबा झोपले असं वाटून ती वाजवायला लागली आणि हे डोळे मिटून ऐकत राहिले. पुढे तिला सोंग कळलं. तिला कळलंय हे यांनाही कळलं. पण दोघांपैकी कोणी त्यावर चकार शब्द काढला नाही. घोरणं चालू आहे तोवर बाबा झोपलेत, थांबलं की बाबा ऐकतायत, असं ठरूनच गेलं.

"एवढं छान घोरायला शिकलात कुठे?" मी एकदा विचारलं.

"तुझ्याकडून. रोज फुकटची शिकवणी मिळते."

मी घोरत नाही. हे मी आजही सांगते.

मग बिट्टीनं स्वतःची एक धून रचली. कुठं लिहून ठेवली नाही, सगळी बोटांत. हे त्या धुनेपायी वेडे झाले. पण घोळ असा, की शेवटाजवळ धून अशी काही वळायची की हे घोरायचं विसरून जायचे. घोरणं थांबलं की बोटं थांबायची. बिट्टी झाकण लावून आत निघून जायची आणि हे कपाळावर हात मारून घ्यायचे. शेवट ऐकलेली घरात मी एकटी, कारण हे कामाला गेले की ती पूर्ण वाजवायची.

"शेवट कसा आहे गं?" हे विचारायचे.

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय? वर जातो की खाली येतो?"

"मला काय कळतंय वर नि खाली? गोंगाट नाही त्यात. पाहुणे गेल्यावर आपण दार हळूच लावून घेतो ना, तसा आहे."

हे माझ्याकडे बघत राहिले. "मला ऐकायचाय तो," म्हणाले. लहान मुलासारखा चेहरा झाला होता. मला तेव्हा हसू आलं होतं.

त्यानंतर यांचं हृदय दमलं. औषधावर निघतील तेवढे दिवस आपले, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पलंग पुढच्या खोलीत आणला. बिट्टी दुपारी शिकवून आली की पलंगाकडे पाठ करून पियानोवर बसायची आणि हे घोरायला लागायचे. दोन वाक्यं बोलायचा दम नाही, आणि घोरणं! मी चिडायचे.

"अहो, अशानं जीव जाईल तुमचा."

"घोरलो नाही तर ती वाजवणार नाही. आणि शेवट ऐकल्याशिवाय मी काही जात नाही."

"मग ऐकूच नका."

हे हसले, आणि हसताना त्यांना धाप लागली. "या वेळी विसरणार नाही. शेवटपर्यंत घोरतो, बघच तू."

बिट्टीलाही मी बोलले. "एकदा त्यांच्या तोंडावर वाजव की गं. बाप आहे तुझा, परीक्षक नाही."

"म्हणूनच जमत नाही, आई. दुसऱ्यांसमोर चुकलं तर नुसती लाज वाटेल. बाबांसमोर चुकलं तर..."

त्या दिवशी दवाखान्याचे पडदे शिवून झाले होते, ते पोचवायला मी गेले. परत येताना जिन्यात कान दिला, तर वर शांत. दार नुसतं लोटलेलं होतं. बिट्टी स्टुलावर बसलेली, हात मांडीवर, पाठ पलंगाकडे.

"श्श," ती वळून न बघता म्हणाली. "मी अगदी शेवटाशी आले आणि बाबा परत विसरले."

"मग?"

"मग काही नाही. आज उठायचं नाही असं ठरवलंय. ते घोरायला लागले की तिथूनच पुढे उचलते." तिच्या आवाजात हसू होतं. "आज बोटं गार पडली नाहीत, आई."

"किती वेळ बसलीयस अशी?"

"झाला असेल बराच. तू बोलू नकोस ना."

मी पलंगाजवळ गेले. यांची मान पियानोकडे वळलेली, तोंड जरासं उघडं. मी त्यांच्या नाकासमोर बोट धरलं आणि धरून ठेवलं. बोटाला काही लागलं नाही. त्यांचा हात मात्र अजून कोमट होता.

पहिल्यांदा मला यांचाच राग आला. शेवट ऐकल्याशिवाय जात नाही म्हणाले होते, आणि गेले. मला ओरडायचं होतं. पण समोर बिट्टीची पाठ होती, ताठ, वाट बघणारी. मी आत्ता तोंड उघडलं तर ती धून तिथंच तुटणार, आणि ही पोर जन्मात पुन्हा झाकण उघडणार नाही. 'बाबा जात होते आणि मी त्यांच्या घोरण्याची वाट बघत बसले होते,' एवढंच तिच्या डोक्यात राहणार.

मी पलंगाच्या कडेला बसले. यांचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि घोरायला लागले.

पहिला आवाज फाटका निघाला. बिट्टीचे खांदे हलले. मला वाटलं, आता ही वळणार. ती वळली नाही. मी घोरत राहिले. कितीतरी वेळानं एक सूर आला, मग दुसरा, आणि धून जिथं थांबली होती तिथून पुढे निघाली. मी घोरत होते आणि डोळ्यांतलं पाणी तोंडात येत होतं. शेवट आला, यांना सांगितला होता तसाच. आवाज पूर्ण विरेपर्यंत तिनं पट्टीवरून बोट उचललं नाही. मला मात्र थांबायचं कसं ते कळेना.

"आई, थांब आता," बिट्टी म्हणाली.

मी थांबले. तिची पाठ अजून तशीच होती.

"बाबांचं घोरणं मला पाठ आहे गं. हे तुझं होतं."

"कधी कळलं तुला?"

"तू घोरायला लागलीस तेव्हाच."

"मग वाजवलंस कसं?"

"त्यांना शेवट ऐकायचा होता ना."

मग ती वळली. उठून आली, पलंगाजवळ जमिनीवर बसली आणि यांच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा, कसा आहे शेवट?"

मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली. यांच्या वतीनं बोलायला मीच होते.

"चांगला आहे," मी म्हणाले. मला तेवढंच सांगता येतं.